आलोच!

मराठी माणसाला इंग्रजीची भीती वाटते ती शब्दांची, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. शब्द बिचारे गरीब असतात. टेबल, बस, पेन्शन, ओव्हरटाइम ही मंडळी केव्हाच आपल्या घरात शिरून पाटावर बसली आहेत. भीती असते ती क्रियापदाची. इंग्रजी क्रियापद हे बँकेत तपासणीला येणाऱ्या ऑडिटरसारखं असतं. "काम झालं" एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. कधी झालं? पुरतं झालं की चालू आहे? चालू असेल तर कधीपासून? आणि झालं असेल तर त्याचा आजच्या शिलकेशी काही संबंध उरलाय का? एवढं सगळं सांगितल्याशिवाय ते वाक्यावर सही करीत नाही.

हे सारं मला नव्याने कळायचं कारण म्हणजे माझी भाची. बँकेच्या कारकुनी परीक्षेच्या तयारीसाठी ती आमच्याकडे धामापूरला येऊन राहिली आहे. मामा बँकेत कारकून, त्यातून कॉमर्सचा पदवीधर, तेव्हा त्याला इंग्रजी येत असणार, असा तिच्या आईचा हिशेब. (कारकून हा शब्द आता जुना झाला. 2025 सालच्या जाहिरातीपासून या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, काउंटर तेवढाच आहे.) भाचीचं वय 27, वयाची अट 28. त्यामुळे आमच्या घरात सध्या हळदीकुंकू, लग्न, बारसं सगळं तहकूब असून फक्त क्रियापदं चालू आहेत.

पूर्वपरीक्षेत 60 मिनिटांत 100 प्रश्न. त्यातले इंग्रजीचे 30, त्यांना वेळ 20 मिनिटं. म्हणजे एका क्रियापदाचं भूत, वर्तमान आणि भविष्य ठरवायला तुम्हाला 40 सेकंद मिळतात. लग्न जुळवताना पत्रिका बघणारे भटजीसुद्धा याहून जास्त वेळ घेतात. चुकलात तर पाव गुण कापला जातो. बाकीचा पेपर मराठीत घेता येतो, कोकणीतसुद्धा येतो. पण इंग्रजीचा पेपर काही केल्या इंग्रजीतच असतो.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता आला की क्रियापदाला 'एस' लावायचा, हा नियम पुस्तकवाल्यांनी चार पानं खर्चून समजावला होता. मी तो अर्ध्या मिनिटात समजावला. म्हटलं, "तो येता, ती येता, ता येता. तिघांका एकच 'येता'. तसाच ही कम्स, शी कम्स, इट कम्स." पुण्यामुंबईच्या मराठीला 'येतो, येते, येतं' असे तीन वेगळे पाट मांडावे लागतात, मालवणी आणि इंग्रजी मात्र एकाच पंगतीत बसतात. हे कळल्यापासून भाचीचा इंग्रजांविषयीचा आदर पुष्कळ वाढला आहे.

पूर्ण वर्तमानकाळालाही आम्ही असाच गावचा माणूस करून घेतला. धामापूरचं तळं 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलं. संध्याकाळी भगवती मंदिरापाशी पायऱ्यांवर बसून आम्ही अभ्यास करतो. भाचीला म्हटलं, "बांधलं ते 1530 साली, ते संपलं. तो साधा भूतकाळ. पण तळं तेव्हापासून आहे आणि आता तुझ्या पायाला लागतंय. द लेक हॅज बीन हिअर सिन्स फिफ्टीन थर्टी." जागतिक वारसा ठरलेल्या सिंचन-बांधकामांच्या यादीत 2020 साली या तळ्याचं नाव गेलं. व्याकरण शिकवण्यासाठीही त्याचा उपयोग होतो हे त्या तज्ज्ञांना कुणीतरी कळवायला हवं.

घोटाळा झाला तो पुढच्या धड्यात. प्रश्न असा होता: 'माय ब्रदर हॅज गॉन टु मुंबई ट्वाइस.' यात चूक कुठे आहे ते ओळखा. भाचीने उत्तर लिहिलं, 'नो एरर'. पुस्तकाचं उत्तर, 'गॉन'च्या जागी 'बीन' हवं. कारण 'हॅज गॉन' म्हणजे गेलाय आणि अजून तिकडेच आहे. 'हॅज बीन' म्हणजे जाऊन आलाय. 'दोनदा' म्हटलं की माणूस परत आलेला असणार, त्याशिवाय तो दुसऱ्यांदा जाईल कसा?

"मामा, माजा चुकला खंय?" भाची म्हणाली. "तो दोनदा गेलो आणि एकदाच इलो. दुसऱ्या येळाचा 'बीन' खंयसून हाडू?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. पुस्तक लिहिणाऱ्याने कोकण पाहिलेलं नव्हतं एवढं उघड होतं. आमच्याकडे 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' हा काही व्याकरणाचा प्रश्न नव्हे, तो घराच्या कुलपाचा प्रश्न आहे. चतुर्थीला चार दिवस गाव 'हॅज बीन'वाल्यांनी भरून जातो. पाचव्या दिवशी कुलपं पुन्हा लागतात आणि घरांच्या रांगाच्या रांगा 'हॅज गॉन' होतात. वाडीत फिरून बघा, कुठलं घर कुठल्या काळात आहे ते अंगणातल्या गवतावरून कळतं.

आणि गंमत म्हणजे यातला प्रत्येक जण जाताना 'येतो' म्हणूनच गेलेला असतो.

आमची आई अजूनही कुणी उंबऱ्यावरून 'जातंय' म्हटलं की दटावते, "जातंय नाय म्हणूचा, येतंय म्हणूचा." मराठीत जाणारा फक्त एकदाच 'जातो' आणि तेही स्वतः सांगत नाही, दुसऱ्यांना सांगावं लागतं. म्हणून चपला घालून, पाठ फिरवून, एस.टी.कडे चालत असलेला माणूस तोंडाने 'येतो' म्हणत असतो. याच्या पुढची पायरी 'आलोच'. फोनवर 'आलोच' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो. जी गोष्ट भविष्यात व्हायची की नाही हेच ठाऊक नाही, ती चक्क भूतकाळात घालून वर 'च' लावून तो पक्की करून टाकतो.

आता याला काय म्हणायचं? भाचीचा सवाल सरळ होता. परीक्षेत चुकीचा काळ लिहिला तर पाव गुण जातो. मग जगात चुकीचा काळ बोलला तर ते खोटं बोलणं का नव्हे? मी नेहमीप्रमाणे खूप विचार केल्यासारखा चेहरा केला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर येणाऱ्या एका निवृत्त संस्कृत मास्तरांना विचारलं. मास्तर मुदतठेवीची पावती विसरले आणि माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. म्हणाले, "पाणिनीने हे अडीच हजार वर्षांपूर्वी निकालात काढलंय. वर्तमानाच्या अगदी जवळ जे आहे, ते वर्तमानकाळात बोललं तरी चालतं असं एक सूत्र आहे. तुमचं 'येतो' त्यात बसलं. आणि लगेच पुढचं सूत्र असं, की आशा व्यक्त करताना होणारी गोष्ट झाल्यासारखी, म्हणजे भूतकाळात, बोलता येते. तुमचं 'आलोच' त्यात बसलं." मागे रांग वाढत होती. रांगेतला एक जण "साहेब, माझं झालंच का?" असं विचारत होता. तोही सूत्रात बसत होता.

मास्तरांचा निकाल मला पटला, पण पुरता पटला नाही. व्याकरण परवानगी देतं म्हणून वाक्य खरं होतं असं थोडंच आहे? ज्या 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणाने आपल्या दोन-तीन पिढ्यांची बोटं दुखवली, त्यातले रेनसाहेब हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात होते, कराचीला हेडमास्तर होते. त्यांनी 1924 साली 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. घरातलं एक मौल्यवान रत्न चोरीला जातं आणि एकमेकांवर आळ येऊ नये म्हणून तीन भाऊ एकापाठोपाठ एक घर सोडून फ्रान्सच्या परदेशी सैन्यात भरती होतात. चोरी आपणच केली असं ज्याने त्याने भासवायचं, अशी सारी धडपड. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला काळ अचूक वापरायला शिकवलं, त्यालाही ठाऊक होतं की वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही खोटं असू शकतं, आणि खोटं असूनही मोठ्या मनाचं असू शकतं.

शेवटी मी आमच्या शास्त्राकडे वळलो. कॉमर्सवाल्यांना 'आलोच' नवीन नाही. हाती न आलेलं पण येणं लागणारं व्याज आम्ही आलंय असं धरून जमेला दाखवतो. कोणी आम्हाला खोटारडे म्हणत नाही. उलट तसं दाखवलं नाही तर ऑडिटर ओरडतो. पण या आशेला मुदत आहे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांवर थकलं की ते खातं अनुत्पादक ठरतं, आणि मग येणारं व्याज 'आलं' म्हणता येत नाही. प्रत्यक्ष हातात पडेल तेव्हाच आलं. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मते कर्जदाराचं 'आलोच' 90 दिवस टिकतं.

हे मला फार आवडलं. पण त्याच बँकेचे बाकीचे नियम काढून बसलो तर गणित बिघडायला लागलं. बचत खात्यावर खातेदाराने 2 वर्षं काहीच उलाढाल केली नाही तर ते खातं निष्क्रिय. माणसाची 7 वर्षं काही खबरबात नसेल तर कायदा तो वारल्याचं गृहीत धरतो. आणि ठेवीवर 10 वर्षं कुणी हक्क सांगितला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या खास फंडात जमा होते. मात्र खातेदार त्यानंतरही कधीही येऊन ती मागू शकतो. म्हणजे घेणेकऱ्याच्या बाबतीत तीन महिन्यांत धीर सोडणारी बँक ठेवीदाराची वाट मात्र अखेरपर्यंत बघते. पैसे आपल्याकडे असले की माणसावर विश्वास ठेवणं सोपं जातं, असाही याचा अर्थ निघतो. पण मी पगारदार असल्याने तो काढत नाही.

या चार मुदतींपैकी 'येतो' म्हणून गेलेल्याला कुठली लावायची? इथे मला एका काकीची गोष्ट सांगितली पाहिजे. गाव सांगितलं, वाडी सांगणार नाही. खातेदाराची माहिती गुप्त ठेवायची शपथ घेतलेला मी माणूस आहे.

काकीचा मुलगा 2012 सालच्या चतुर्थीनंतर "शिमग्याक येतंय" म्हणून गेला. दोन वर्षं फोन येत होता, मग तोही बंद झाला. काकीचं पेन्शनचं खातं वेगळं. दुसरं एक खातं मायलेकांच्या नावाचं आहे, त्याचं एटीएम कार्ड मुलाकडे. काकी दर महिन्याला पेन्शनमधले 500 रुपये या दुसऱ्या खात्यात भरते आणि पासबुक माझ्यापुढे सरकवते.

"बघ रे, काय काढल्यान काय?"

जगात सगळे खातेदार पैसे कमी झाले की घाबरतात. काकी पैसे तेवढेच राहिले की घाबरते. कधी चार महिने काहीच नसतं. मग एखाद्या दिवशी प्रिंटर करकरतो आणि ओळ उमटते.

"पाचशे काढल्यान, काकी."

"खंय?"

"वापीक."

"बरो आसा मगे. जेवता खाता."

आणि ती खुशीत निघते.

भाचीच्या प्रश्नाने डोक्यात किडा सोडलेला होता म्हणून मागच्या महिन्यात मी काकीला विचारलं. विचारायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण वीस वर्षं नोटा मोजल्यावर माणसाला अधूनमधून दुसरं काहीतरी मोजावंसं वाटतं. म्हटलं, "काकी, येतंय म्हणान गेलो, तेका तेरा वर्सां झाली. खोटाच बोललो ना तो?"

काकी रागावली नाही. अडाण्याला समजवावं तशी म्हणाली, "खोटा कसा? तेणा काय 'ह्या वर्साक' सांगल्यान नाय. येतंय म्हटल्यान. अजून येवक नाय, इतक्याच."

मी हे रात्री भाचीला सांगितलं आणि इंग्रजी करायला लावलं. तिने 40 सेकंदांच्या आत लिहिलं: 'ही हॅज नॉट कम येट.' मग 'येट'खाली रेघ मारून म्हणाली, "मामा, 'येट' इला म्हणजे प्रेझेंट परफेक्टच होया. साधो भूतकाळ घातलो तर विषय संपलो." शिमग्याला येतो असं तो म्हणाला होता, आणि तेरा शिमगे होऊन गेले, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. काकीनेही ते वगळलंच होतं. मला विचाराल तर मुलगा खोटं बोलला. निदान पहिल्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून तरी ते वाक्य खोटं झालं, आणि दर महिन्याला 500 रुपये भरून त्याला जिवंत ठेवायचं काम बोलणाऱ्याने नव्हे, ऐकणारीने केलं. अनुत्पादक खात्याला पदरचे पैसे घालून चालू ठेवणं आमच्या शाखेत बसत नाही. पण खातं चालू आहे, ही गोष्ट तितकीच खरी. संगणकावर मी स्वतः बघतो.

काकी परवा पुन्हा आली होती. या खेपेला कुठलीच ओळ उमटली नाही. पासबुक पिशवीत घालता घालता तिने भाचीची चौकशी केली.

"चेडवाची परीक्षा खंय?"

"कोल्हापुराक."

"पास झाला तर नोकरी हयच ना?"

"छ्या! महाराष्ट्रात खंयव घालतले. गडचिरोलीक पण."

काकी थोडी थांबली. पिशवीची नाडी ओढून घट्ट केली.

"मगे सांग तेका, जाताना सणाचा नाव घेव नको. नुसता येतंय म्हण."