काळजी करणें आणि काळजी घेणें

आपल्या भाषेंत 'काळजी' हा एक मोठा चमत्कारिक शब्द आहे. आपण काळजी करतों, आणि काळजी घेतोंहि. शब्द एकच, परंतु क्रियापद बदललें कीं अर्थ जवळजवळ उलटा होतो. जो काळजी घेतो तो कांहीं तरी करीत असतो: रोग्याला वेळेवर औषध देतो, पावसाळ्यापूर्वीं घराचीं कौलें चाळून घेतो, हिशेबाची वही पुन्हां एकवार ताडून पाहतो. जो काळजी करतो तो बहुधा कांहींच करीत नसतो. तो नुसत्या येरझारा घालीत असतो, आणि ओटीवर जागा नसेल तर मनांतल्या मनांत घालतो. तरीहि व्यवहारांत या दोहोंची आपण इतकी गल्लत करतों कीं, पहिली पुष्कळ केली म्हणजे दुसरी घेतलीच, असें आपणांस वाटूं लागतें. ही गल्लत केवळ शब्दांची नाहीं. तिच्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम भीति आणि चिंता यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. भीतीला समोर उभा असलेला विषय लागतो. वाटेंत साप आडवा गेला, रस्ता ओलांडतांना मोटार अंगावर आली, म्हणजे जें वाटतें तें भय. अशा वेळीं शरीरांत काय घडतें याचें वर्णन वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलेलें आहे. हृदयाचे ठोके वाढतात, यकृतांतील साखर रक्तांत उतरते, पचनाचें काम मंदावतें, आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. लढा, नाहीं तर पळा, अशी ती सर्व सिद्धता असते. भीति ही अशा रीतीनें एक इमानी पहारेकरी आहे. ती येते, हांक मारते, आणि काम झालें कीं जाते. साप दिसेनासा झाल्यावर घटकाभरानें आपणच आपल्या उडीला हंसूं लागतों.

चिंतेचें तसें नाहीं. तिचा विषय समोर नसतो. तो उद्यां असतो, आणि तोहि 'कदाचित्' या शब्दाच्या आड. परंतु शरीर बिचारें आज आणि उद्यां असा भेद करीत नाहीं. तें तीच सिद्धता करतें. सेना सज्ज होते, पण शत्रु कोठें आहे याचा पत्ता नसतो. आणि बसून राहिलेली सेना अखेर आपल्याच मुलखाची लूट करूं लागते. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, क्षुल्लक शब्दावरून घरांत भांडण होतें. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचेंच काय तें अंतर, असें आपले जुने लोक म्हणत आले तें उगीच नव्हे.

तरीहि चिंतेला केवळ व्याधि म्हणून झिडकारणें योग्य होणार नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत यक्ष धर्मराजाला विचारतो कीं, गवताहूनहि संख्येनें अधिक असें काय आहे? धर्मराज उत्तर देतो कीं, चिंता. धर्मराजासारख्या पुरुषालाहि हें उत्तर शोधावयास दूर जावें लागलें नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यानें १८४४ सालीं या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. भीति ही अमुक एका वस्तूची असते, चिंता मात्र शक्यतेची असते, असें त्याचें सार सांगतां येईल. मनुष्याला निवड करतां येते, 'असेंहि होईल आणि तसेंहि होईल' हें दिसतें, म्हणून त्याला चिंता आहे. हें खरें असेल तर चिंतेची लाज वाटण्याचें कारण नाहीं. ज्या शक्तीच्या बळावर मनुष्य बीं पेरून चार महिने थांबतो, मुलीच्या शिक्षणासाठीं पंधरा वर्षें आधीं पैसा बाजूस टाकतो, तीच शक्ति मध्यरात्रीं त्याला जागें ठेवते. तेव्हां प्रश्न ती शक्ति मारावी कशी हा नव्हे. ती कोणत्या कामाला लावावी हा आहे.

आणि मारूं म्हटल्यानें ती मरतहि नाहीं. डॅनियल वेग्नर आणि त्याचे सहकारी यांनीं १९८७ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार मनांत आणूं नका, आलाच तर घंटी वाजवा, असें त्यांनीं विद्यार्थ्यांस सांगितलें. घंटी पुनःपुन्हां वाजत राहिली. आणि मागाहून अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हां ज्यांनीं तो आधीं दडपून धरला होता त्यांच्या मनांत तें अस्वल इतरांपेक्षां अधिकच येऊं लागलें. 'काळजी करूं नका' या सल्ल्याचें असेंच होतें. सांगणाऱ्याचें समाधान होतें. ऐकणाऱ्याला मात्र आतां दोन काळज्या लागतात: एक मूळची, आणि दुसरी आपण काळजी करतों याची.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. काळजी करणें हा प्रेमाचा पुरावा आहे काय? आपल्या कुटुंबांत तो तसा मानला जातो यांत शंका नाहीं. मुलगा परगांवीं शिकावयास गेला, दोन दिवस त्याचा फोन आला नाहीं, आणि आई जेवली नाहीं, तर शेजारणीहि म्हणतात, 'आईचें काळीज तें!' उलट जी आई स्वस्थ चित्तानें जेवून झोंपली, तिच्याविषयीं उघड कोणी बोलत नाहीं, पण मनांत खूणगांठ बांधली जाते. म्हणजे काळजी ही नुसती वेदना राहिलेली नाहीं. ती एक कर्तव्य होऊन बसली आहे. जो अधिक झुरतो तो अधिक प्रेमळ, असा हा हिशेब आहे.

या हिशेबांत दोन चुका आहेत. पहिली अशी कीं, झुरण्यानें कर्तव्य पार पडल्याचें खोटें समाधान मिळतें. वृद्ध वडिलांच्या प्रकृतीसाठीं रात्रंदिवस तळमळणारे चार मुलगे असतात, आणि वडील सकाळीं कोणती गोळी घेतात हें त्यांतील एकालाहि ठाऊक नसतें. हे मुलगे ढोंगी नसतात. त्यांची तळमळ खरीच असते; पण तळमळण्यांत इतका शीण होतो कीं, गोळीचें नांव विचारावयास त्राण उरत नाहीं.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आणि अधिक घातक आहे. ज्याच्यासाठीं काळजी केली जाते त्याला ती एक निरोप पोंचवीत असते. 'जग वाईट आहे' हा त्या निरोपाचा पहिला अर्धा भाग. 'आणि तुझा त्यांत निभाव लागणार नाहीं' हा दुसरा. परीक्षेच्या दिवशीं शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन 'घाबरूं नकोस हं' असें पांच वेळां बजावणाऱ्या बापाला वाटतें कीं, आपण मुलीला धीर देत आहों. मुलगी मात्र त्याच्या कपाळावरचा घाम वाचीत असते. शब्दांपेक्षां घाम अधिक स्पष्ट बोलतो, आणि मुलांना ती भाषा जन्मतःच येते.

परिणाम असा होतो कीं, मूल समजूतदार असेल तर तें बातमी लपवूं लागतें. गणितांत मार्क कमी पडले, वसतिगृहांत कोणी छळ करतें, नव्या नोकरींत मन लागत नाहीं, हें घरीं कळवावयाचें नाहीं; कां, तर 'आई उगीच काळजी करील.' अशा रीतीनें ज्या घरांत काळजी फार करतात, त्या घरांत काळजी घेण्यास जी माहिती लागते तीच येईनाशी होते. प्रेमाचा पुरावा म्हणून जी गोष्ट मिरविली, तिनें प्रेमाचें कामच अडवून धरलें. चिंतेनें होणाऱ्या सर्व हानींत मला ही हानि सर्वांत मोठी वाटते. कारण ती चिंता करणाऱ्याची एकट्याची नसून, ज्याच्यासाठीं ती केली त्याचीहि आहे.

येथें कोणी म्हणेल, मग काय मनुष्यानें दगड व्हावें? आक्षेप रास्त आहे. एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ पूर्वायुष्यांत गुलाम होता, आणि मनुष्याच्या हातांत किती थोडें असतें हें त्याला पुरें ठाऊक होतें. आपल्या स्वाधीन काय आणि पराधीन काय हें आधीं ओळखावें, आणि पराधीन गोष्टींवर आपलें सुखदुःख टांगून ठेवूं नये, असें तो शिकवीत असे. येथपर्यंत त्याचें म्हणणें कोणासहि पटेल. परंतु तो पुढें असेंहि सांगतो कीं, मुलाचा मुका घेतांना आपण एका मर्त्य जीवाचा मुका घेत आहों हें मनाला बजावीत जावें, म्हणजे तें गेल्यावर मन ढळणार नाहीं. येथें मात्र मन मागें सरतें. गमावण्याचें भय ज्याला शिवतच नाहीं, तें प्रेम नसून एक प्रकारचा कोरडा अभ्यास झाला. ॲरिस्टॉटलचें मत अधिक माणुसकीचें वाटतें. ज्याला कशाचेंच भय नाहीं त्याला तो शूर म्हणत नाहीं. जें भिण्यासारखें आहे त्याला जो योग्य प्रमाणांत भितो, आणि तरीहि आपल्या जागीं उभा राहतो, तो शूर.

म्हणून भय नष्ट करावें असें माझें म्हणणें नाहीं. भयाला काम द्यावें, एवढेंच म्हणणें आहे. आणि जेथें काम देतांच येत नाहीं? शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बांकावर जो बसला आहे, त्याच्या हातांत आतां कांहींच नाहीं. श्रद्धावान् मनुष्य तेथें आपला भार देवावर टाकतो. ज्याला तशी श्रद्धा नाहीं तो स्वतःच तो वाहतो. परंतु दोघेहि एकाच बांकावर बसतात, आणि दोघांनाहि शेजारीं कोणी तरी येऊन बसावें असें वाटतें. जो येऊन बसला, ज्यानें चहाचा पेला पुढें केला, त्यानें काळजी घेतली. जेथें दुसरें कांहीं करणें शक्य नाहीं, तेथें नुसतें जवळ असणें हेंहि एक काम आहे.

आतां आत्मविश्वासाविषयीं. आत्मविश्वास म्हणजे स्वतःविषयीं मोठें मत, अशी एक समजूत हल्लीं फार पसरली आहे. आरशापुढें उभें राहून 'मला सर्व कांहीं येतें' असें घोकल्यानें तो उत्पन्न होतो, असें सांगणारे उपदेशकहि थोडे नाहींत. परंतु भित्र्या मनुष्याचें दुखणें असें असतें कीं, त्याचें लक्ष आधींच नको तितकें स्वतःकडे लागलेलें असतें. त्याला आणखी आरसा कशाला?

गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत यासंबंधीं जें लिहून ठेवलें आहे तें फार बोधप्रद आहे. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत तीस रुपये घेऊन त्यांनीं पहिला दावा चालविण्यास घेतला. साक्षीदाराची उलटतपासणी करण्यास ते उभे राहिले, पण डोकें गरगरूं लागलें, एकहि प्रश्न सुचेना, आणि ते खालीं बसले. पैसे परत करून ते कोर्टांतून निघून गेले. हेच गांधीजी १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत गेले, आणि प्रिटोरिया येथें तेथील हिंदी लोकांची सभा बोलावून त्यांनीं भाषण केलें. आयुष्यांतील आपलें पहिलें भाषण म्हणून त्यांनीं त्याचा उल्लेख केला आहे. मधल्या काळांत काय बदललें? त्यांनीं स्वतःविषयीं कांहीं थोर मत बनविलें होतें असें दिसत नाहीं. बदलला तो लक्षाचा विषय. समोरच्या लोकांचीं दुःखें त्यांनीं स्वतः अनुभविलीं होतीं, आणि व्यापारांतील सचोटीविषयीं त्यांना कांहीं सांगावयाचें होतें. ज्या दाव्याच्या कामासाठीं ते गेले होते, त्यांतील बारीकसारीक तपशील त्यांनीं पुढें इतका आत्मसात् केला कीं, वस्तुस्थिति पुरती हातीं असली म्हणजे कायदा आपोआप आपल्या बाजूस येतो, अशी त्यांची खात्री झाली. घाबरणारा बॅरिस्टर 'मी कसा दिसतों' याची काळजी करीत होता. पुढचा कार्यकर्ता कामाची काळजी घेत होता.

अलीकडचें मानसशास्त्रहि याच दिशेनें बोलतें. आल्बर्ट बँड्युरा यानें १९७७ सालीं आत्मविश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः पार पाडलेलें काम, आपल्यासारख्यानें पार पाडलेलें पाहिलेलें काम, दुसऱ्याचें प्रोत्साहन, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. या चारांत पहिला सर्वांत बलवान्. 'शाब्बास, तुला येईल' या शब्दांचें मोल आहेच. परंतु मुलानें स्वतः एकदां बाजारांतून भाजी आणली, चार रुपयांना फसलें, आणि दुसऱ्या दिवशीं फसलें नाहीं, याचें मोल अधिक. काळजी करणारे वडील त्या चार रुपयांसाठीं मुलाला बाजारांत पाठवीत नाहींत, आणि त्याचें भांडवलच बुडवितात.

या सर्व विवेचनाला दोन मर्यादा आहेत. ज्याच्या घरांत महिनाअखेरीस पीठ संपतें, त्याची चिंता मनाचा दोष नसून ती त्याच्या परिस्थितीचें खरें वर्णन आहे. त्याला आत्मविश्वासाचा उपदेश करणें हा उद्धटपणा होईल. त्याची काळजी त्यानें एकट्यानें नव्हे, समाजानें घ्यावयाची आहे. तसेंच कांहीं मनुष्यांत चिंता ही खरोखरीच आजाराचें रूप धारण करते. कारणाशिवाय छाती धडधडते, महिने लोटले तरी मन सुटत नाहीं. अशा दुखण्यावर आतां उपचार आहेत. तापाला जसे वैद्याकडे जातों तसेंच याहिसाठीं जावें. त्यांत कमीपणा नाहीं.

गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीच्या गुणांची जी मालिका आहे, तिच्यांत पहिलें स्थान अभयाला दिलें आहे. त्यावर टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु आपल्या रोजच्या भाषेंतील एक प्रयोगहि पाहण्यासारखा आहे. आपण 'अभय असणें' असें क्वचित् म्हणतों. 'अभय देणें' असें म्हणतों. म्हणजे निर्भयता ही आपल्यापाशीं सांठवून ठेवण्याची वस्तु नसून दुसऱ्याच्या हातीं ठेवण्याची आहे, असें भाषेनेंच ठरवून टाकलें आहे. ज्या घरीं मूल आपलें अपयश आणून निःशंकपणें ओटीवर ठेवूं शकतें, आणि आई आधीं ताट वाढून मग 'आतां काय करूं या?' असें विचारते, त्या घरांत चिंता नसते असें नाहीं. तेथें ती कामाला लागलेली असते.