जट कापली तर आई कोपेल का?

शंका : माझी मुलगी पाचवीत आहे. दिवाळीनंतर तिच्या मानेवरच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना. सासूबाई म्हणतात, सौंदत्तीच्या यल्लूआईनं (यल्लम्मा देवीनं) खूण पाठवलीय, आता फणी लावायची नाही. रोज त्यावर भंडारा टाकतात. माघी पुनवेला पोरीला सौंदत्तीला न्यायचं घाटतंय. जट कापावी असं मला वाटतं, पण उद्या घरात काही बरंवाईट झालं तर सगळे मलाच बोल लावतील. काय करू?
(एक भगिनी, कोल्हापूर जिल्हा)

समाधान : ताई, जट कापा, आणि सौंदत्तीच्या डोंगरावर न्यायच्या आत कापा.

माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतातच. विंचरलं की ते फणीत येतात, नाही विंचरलं तर शेजारच्या केसांना वेढे घालून बसतात. त्यात तेल, घाम, धूळ मिसळली की गुंता होतो. सुरुवातीलाच खोबरेल लावून बोटांनी सोडवला असता तर बहुतेक सुटलाही असता. 'खूण' म्हटल्यावर पाणी बंद, फणी बंद, वरून भंडारा. हळद केसांत वाळून बसते आणि गुंत्याची जट होते. खाली टाळूला हवा लागत नाही, उवा पडतात, खाजवून जखमा होतात, जट वाढली की मान भरून येते. मग ही दुखणीसुद्धा आईचीच म्हणून सोसायची! कापताना रक्त येतं असं कुणी सांगेल. केसात रक्त नसतंच. कात्री कातडीला लागू द्यायची नाही, एवढंच सांभाळायचं. टाळूला जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

मला खरी धास्ती पुढची आहे. जट आली म्हणून कित्येक मुलींच्या गळ्यात देवदासीची लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडली, लग्नाची वाट कायमची बंद झाली आणि पुढे त्यांच्या देहाचा बाजार मांडला गेला. मुलीला देवाला सोडणं मुंबई प्रांतात 1934 सालीच बेकायदा ठरलं. कर्नाटकात 1982 चा आणि महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे. घरात तशी भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका, 1098 या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा.

सासूबाईंशी मात्र भांडू नका. नातीचं वाईट होईल या भयानंच त्या हे करताहेत. कापण्याआधी सगळ्यांना बसवून स्पष्ट बोला : येत्या वर्षात कुणाला ताप येईल, एखादी म्हैस आटेल, ते गेल्या वर्षीही झालं होतं, तेव्हा कुणी जट कापली नव्हती. हे आधी बोललेलं बरं, नंतर कुणी ऐकत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते घरी येऊन समजावतात, जटही सोडवून देतात. जट काढलेली एखादी म्हातारी त्यांच्याबरोबर आली तर सासूबाई तिचं अधिक ऐकतील. त्यांना आधी आईची ओटी भरायची असेल तर भरू द्या. मंगळवार-शुक्रवारचा जोगवा, परडी, सौंदत्तीची वारी, काही सोडायला नको. आणि मुलीला विचारा हो. वर्गात तिच्या शेजारी कोण बसतं, ते तरी विचारा.

शंका : वडिलांनी मांढरदेवच्या काळूबाईला बोकड कबूल केला होता. ते वारले. नवस माझ्यावर आला का?
(एक वाचक, सातारा)

समाधान : कबुली त्यांची होती, तुम्ही बांधील नाही. तरी मनाला टोचत असेल तर काळूबाईला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवा. बळीच्या जागी कोहळा कापण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. 25 जानेवारी 2005 च्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली, त्यानंतर तिथं पशुहत्येवर बंदी आली. ती चुकवून डोंगराच्या पायथ्याशी बोकड कापणं हेही नको. बोकडाचे पैसे गावातल्या एखाद्या पोराच्या वह्या-पुस्तकांना द्या, वडिलांच्या नावानं.