एका पैची चूक आणि परदेशीचे घर

।। श्रीगुरुदेव दत्त ।।



गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात तीर्थरूप वडिलांचा आवाज बसला आणि एका सायंकाळची निरूपणाची सेवा अनपेक्षितपणे माझ्याकडे आली. मी शास्त्री नव्हे, कीर्तनकारही नव्हे. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला, देवाची उपकरणी घासताना वडिलांच्या तोंडून जे कानी पडले तेवढीच माझी शिदोरी. त्या सायंकाळी जे बोललो ते थोडे नीट मांडून पत्रिकेस द्यावे, अशी मंडळाच्या वडीलधाऱ्यांची आज्ञा झाली. म्हणून हे धाडस करीत आहे. उणे असेल ते माझे आणि बरे असेल ते श्रीगुरूंचे, असे समजून घ्यावे.

श्रीएकनाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असतानाची ती गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. स्वामींनी हिशेबाचे काम नाथांकडे सोपविले होते. एके रात्री जमाखर्चात एका पैची चूक आली. नाथ दिव्यासमोर बसले ते बसलेच. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, “एका पैची चूक सापडल्याने जर एवढा हर्ष होतो, तर या संसारात जी मोठी चूक झाली आहे ती सापडली तर किती होईल!” या गोष्टीचा उत्तरार्ध आपण नेहमी सांगतो, पूर्वार्ध मात्र सोडून देतो. ज्याला पैची चूक शोधण्याचा कंटाळा आहे, त्याच्या हाती मोठी चूक लागावी तरी कशी? नाथ रात्रभर वहीपुढे बसले, ही देखील साधनाच होती.

ही गोष्ट आज मी आमच्याच घरातल्या एका प्रसंगाच्या आधारे सांगणार आहे. माझ्या सख्ख्या मामांची त्यास अनुमती आहे. “नाव घालू नकोस, आकडे मात्र सगळे घाल,” असे ते स्वतः म्हणाले.

मामा बडोद्यास दांडिया बाजारात राहतात. त्यांचा मुलगा दुबईस नोकरीला होता. सन 2015 मध्ये मामा निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती होती आणि गावाकडच्या जमिनीच्या वाट्याचेही पैसे आले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते, आणि दुबईत ठरावीक भागांत परदेशी माणसाच्या नावे घर होऊ शकते. तेव्हा मामांनी तेथे एका खोलीची सदनिका 4,00,000 दिरहमांस घेतली. त्यावर नोंदणीचे शेकडा 4 प्रमाणे 16,000 दिरहम आणि सामानसुमानाचे सुमारे 30,000 दिरहम लागले. सहलीस येणाऱ्या पाहुण्यांना ती रात्रीच्या हिशेबाने भाड्याने द्यावी, वर्षातून पंधरा दिवस आपण जाऊन राहावे आणि उरलेल्या भाड्यावर म्हातारपण सुखात जावे, असा बेत होता. बेतात पाप काहीच नव्हते. त्या दिवाळीत आमच्या सगळ्या गोतात “दुबईचे घर” हा शब्द किती कौतुकाने फिरला, ते मला आजही आठवते.

पुढे 2018 मध्ये मामेभावाची नोकरी दुसऱ्या देशी गेली आणि घराचा कारभार तेथल्या एका व्यवस्थापकाच्या हाती आला. वर्षाअखेर भाड्याचा आकडा येई, तो मामा अभिमानाने सांगत. खर्चाचे कागद मात्र एका पिशवीत जात आणि पिशवी कपाटात जाई. मग 2020 साल उजाडले. महामारीमुळे मार्च महिन्यात दुबईचे दरवाजे सहलीच्या प्रवाशांना बंद झाले, ते 7 जुलै रोजी उघडले. तोवर घर रिकामे होते. पण इमारतीचा देखभाल-आकार, थंड हवेच्या यंत्रणेचे पैसे आणि परवान्याचा खर्च यांना महामारी ठाऊक नव्हती. मामा निवृत्तिवेतनातून ते पैसे पाठवू लागले आणि मामींना त्यांनी ते सांगितले नाही. मामींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया “पुढल्या वर्षी करू” असे म्हणत दोनदा पुढे ढकलली गेली. का, ते त्या माउलीला कळले नव्हते.

2021 च्या श्रावणात मामा आमच्या वडिलांकडे आले. म्हणाले, “घराला काहीतरी दोष असावा. एखादी शांती सांगा, नाहीतर महाराजांना नवस बोलतो.” वडिलांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “अण्णा, नवस खुशाल बोला. पण आधी ती पिशवी घेऊन या.”

त्या रात्री देवघरासमोर चटई टाकून मामा, वडील आणि मी बसलो. कागद लावण्याचे आणि आकडे मांडण्याचे काम माझ्याकडे होते. महामारीच्या वर्षाला दोष देऊन मोकळे होता येऊ नये, म्हणून वडिलांनी त्याआधीचे, 2019 चे, बऱ्यातले वर्ष घ्यावयास सांगितले. पाहुणे 150 रात्री आले होते. दर रात्रीस सरासरी 220 दिरहम, म्हणजे जमा 33,000. आता खर्च पाहा. व्यवस्थापकाचा पाचवा हिस्सा 6,600, पाहुणे मिळवून देणाऱ्यांची दलाली 4,950, इमारतीचा देखभाल-आकार 6,720, वीज, पाणी व थंड हवा 7,000, इंटरनेट 4,000, सफाई, चादरी व दुरुस्ती 7,500, परवाना व विमा 1,500. एकूण 38,270. म्हणजे बऱ्या वर्षातही 5,270 दिरहमांचा तोटा! त्या वेळच्या दराने हे सुमारे एक लाख रुपये झाले. शिवाय दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. रुपया जसजसा उतरतो, तसतसा येथून पाठविण्याच्या प्रत्येक दिरहमाला अधिक रुपया मोजावा लागतो.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे घराला दोष नव्हता. मी बेरीज केली नव्हती.”

सज्जनहो, नाथांची टाळी मला त्या क्षणी कळली. तोटा सापडल्याचा आनंद नव्हे तो. अंधारात चाचपडणे संपल्याचा आनंद आहे. पण चूक सापडली म्हणून ती लगेच सुटते असे नाही. ती सुटू नये म्हणून दोन गोष्टी आपल्याला धरून ठेवतात. त्यांपैकी पहिली आशा आणि दुसरी प्रतिष्ठा. त्या दोहोंवर श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला दोन गुरू सांगितले आहेत, आणि याच स्कंधावर नाथांनी 1573 साली काशीक्षेत्री आपली टीका पूर्ण केली.

पहिली पिंगला. विदेहनगरीची ती गणिका द्रव्य देणारा कोणी येईल म्हणून सायंकाळपासून दाराशी उभी राहिली. येणारा जाणारा दिसे आणि तिला वाटे, हा थांबेल. तो गेला की वाटे, पुढचा याहून धनवान असेल. दारात यावे, आत जावे, पुन्हा दारात यावे, असे करता करता मध्यरात्र झाली. शेवटी तिला स्वतःचाच वीट आला, तिने आशा सोडली आणि ती सुखाने झोपी गेली. वडिलांनी ही कथा सांगितली तेव्हा मामा खाली मान घालून हसले. कारण रात्री दोन दोन वेळा उठून, कोणा पाहुण्याने घर राखून ठेवले का, हे फोनवर पाहण्याची त्यांची सवय मामींनी आम्हांला सांगितलेली होती. दुबईत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, सहलीचे लोक थंडीच्या महिन्यांत अधिक येतात. हे ठाऊक असूनही जूनच्या रात्री ते पाहुण्याची वाट पाहात होते.

पण आशा सोडणे म्हणजे घाबरून वस्तू भिरकावणे नव्हे. मामा म्हणाले, “मग उद्याच विकून टाकतो.” वडील म्हणाले, “टाकणे निराळे आणि विकणे निराळे. आधी गळती थांबवा, मग शांत मनाने ठरवा.” तेथले भाव 2014 नंतर बरीच वर्षे उतरत आलेले होते आणि महामारीने लोक अधिकच धास्तावले होते, अशा वेळी घाईने विकणारा दुहेरी नुकसान सोसतो. म्हणून चौकशी करून पाहुण्यांचा व्यवहार बंद केला आणि एका नोकरदार गृहस्थास वर्षाच्या कराराने, तेथील सरकारी नोंदणी करून, घर 30,000 दिरहमांस भाड्याने दिले. जमा 33,000 वरून 30,000 वर आली. पण वीज, पाणी, इंटरनेट, सफाई, दलाली हे सारे गेले आणि देखभाल-आकार व किरकोळ दुरुस्ती एवढाच खर्च राहिला. मोठ्या जमेची आशा सोडली तेव्हा वही प्रथमच जमेच्या बाजूला आली. पिंगलेला झोप लागली ती अशी.

दुसरा गुरू कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा धरून तो उडाला, तेव्हा त्याच्याहून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तो वर जाई, ते वर येत. तो वळे, ते वळत. अखेर त्याने तुकडा सोडला आणि तत्काळ सर्वांनी त्याला सोडले. मामांच्या चोचीतला तुकडा कोणता होता? चार भिंती नव्हेत. “दुबईत घर असलेले गृहस्थ” ही ओळख तो तुकडा होता. घर विकले तर गोतात काय सांगू, या एका प्रश्नापायी सहा वर्षे पैसा गेला, झोप गेली आणि मामींचे दुखणे वाढले. गेलेला पैसा भरून यावा म्हणून आणखी पैसा घालीत राहणे, हा मोह शहाण्यासुरत्या माणसांनाही होतो. वडिलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “आज हे घर तुमचे नाही आणि ही रक्कम तुमच्या हाती आहे असे समजा. आज तुम्ही हे घर घ्याल का?” मामांनी मान हलविली. “मग उत्तर मिळाले,” वडील म्हणाले. “गेले ते गुरुदक्षिणा समजा. उरले आहे त्याचा विचार करा.”

दुसऱ्या दिवशी मामांनी मामींना सर्व सांगितले. मी तेथे नव्हतो, पण मामी पुढे म्हणाल्या, “पैसे गेल्याचे दुःख दोन दिवसांचे. हे एकटे सोसत होते, त्याचे दुःख फार झाले.” पुढे भाव सावरले आणि 2023 मध्ये घर 3,90,000 दिरहमांस विकले गेले. घातले होते 4,46,000. मधल्या काळात रुपया उतरल्यामुळे रुपयांत पाहता रक्कम वाढलेली दिसत होती. तेव्हा “नफा झाला” असे सांगण्याचा मोह मामांना पुन्हा झाला. पण त्यांनी स्वतःच वहीत लिहिले की, मधल्या वर्षांचा तोटा धरला आणि त्याच रकमेची येथे मुदत ठेव केली असती तर काय आले असते हे पाहिले, तर हा तोटाच होय. त्या ओळीखाली त्यांनी सही केली. तीच त्यांची टाळी. मामींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली आणि यंदा त्या मंदिराच्या पायऱ्या आधारावाचून चढल्या.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत आणि कित्येकांनी तिकडे घरेही घेतली असतील. घर लाभात असेल तर परमेश्वर ते तसेच राखो. तोट्यात असेल तर माझी हात जोडून एवढीच विनंती, की संपूर्ण वर्षाचा जमाखर्च एका पानावर मांडावा आणि तो पतिपत्नीने एकत्र बसून वाचावा. सरकारदरबारीही सत्यच सांगावे. परदेशातील घर, भाडे येत नसले तरी, येथे राहणाऱ्याने आपल्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. 2015 च्या कायद्याने ते लपविल्यास दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. विकल्यावर ती रक्कम परदेशी पुन्हा गुंतविली नाही, तर 180 दिवसांत मायदेशी आणावी, असा नियम आहे. करासंबंधी जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. हे व्यवहाराचे बोलणे मंदिराच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जो वहीत स्वतःला फसवितो, तो देवापुढे उभा राहूनही स्वतःला फसवितो. दोन्हीकडे मन एकच असते.

मामांनी बोललेला नवस मात्र राहिलाच होता. “घर तर गेले, आता नवस कशाचा फेडू?” असे त्यांनी वडिलांना विचारले. वडील म्हणाले, “फेडायचाच असेल तर दर पौर्णिमेला येऊन मंदिराचा जमाखर्च तपासा.” तेव्हापासून मामा दर पौर्णिमेस येतात, वही उघडतात आणि पै-पैचा मेळ लागेपर्यंत उठत नाहीत. गेल्या पौर्णिमेस तेलाच्या खात्यात अकरा रुपयांची चूक निघाली. मी समया उजळीत होतो. मागे वळून पाहिले तो मामा एकटेच हसत होते.

श्रीगुरू आपणां सर्वांस आपापली चूक वेळेवर सापडण्याची आणि सापडल्यावर ती सोडण्याची बुद्धी देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

।। श्रीदत्तात्रेयार्पणमस्तु ।।