दारात व्यालेली कुत्री आणि शेजारधर्म

बेवारस कुत्री एखाद्याच्या आवारात व्याली तर तिची आणि तिच्या पिल्लांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मालकीच्या हिशेबाने सुटत नाही. ज्याची मालकी त्याची जबाबदारी असे म्हटले, तर ज्याला मालकच नाही त्या जिवाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. धर्माने या प्रश्नात लक्ष घातले ते याच ठिकाणी.

लोणावळा-खंडाळ्यात हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. कुत्र्यांचा माजाचा काळ भाद्रपदाच्या आसपासचा. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने बहुतेक वेत कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे घाटमाथ्यावर थंडी पडू लागते तेव्हा होतात. काही कुत्र्या अवेळी, भर पावसातही वितात. व्यायला आलेली कुत्री कोरडी आणि माणसांची वर्दळ नसलेली जागा शोधते, आणि शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या बंगल्यांमुळे इथे अशा जागांना तोटा नाही. जिन्याखालची पोकळी, पंपाची खोली, पोर्चच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या लाकडांमागची जागा तिला पुरते. शनिवारी मालक येतो, पाच-सहा पिल्ले पाहतो आणि बऱ्याचदा माळ्याला सांगतो, ‘पोत्यात घालून लांब सोडून ये.’ या एका वाक्यात पिल्लांचे मरण ठरलेले असते.

पारशी धर्मग्रंथ वेंदिदादच्या १५व्या फर्गर्दात, म्हणजे अध्यायात, या प्रश्नाचे जितके थेट उत्तर आहे, तितके क्वचितच दुसरीकडे सापडेल. व्यायला आलेली कुत्री ज्याच्या गोठ्यात, मेंढवाड्यात किंवा आवारात येऊन पडेल, तिला सांभाळण्याचा भार त्याच्यावर. ती कोणाच्याच जागेत नसेल, तर ज्याचे घर सर्वांत जवळ त्याच्यावर. पिल्ले स्वतःचे रक्षण करू लागेपर्यंत आणि स्वतःचे अन्न मिळवू लागेपर्यंत हा भार उतरत नाही. सांभाळण्यात हयगय झाली आणि पिल्लांना इजा पोचली, तर तो जाणूनबुजून केलेल्या हत्येइतका अपराध ठरतो. कुत्रा कोणाचा, हे इथे विचारलेच जात नाही. घर कोणाचे जवळ आहे, एवढेच विचारले जाते. मुंबईच्या पारशी समाजाने हे शास्त्र पोथीत बांधून ठेवले नव्हते. १८३२ साली इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. याच समाजातल्या अनेक कुटुंबांनी पुढे लोणावळा-खंडाळ्यात बंगले बांधले.

हिंदू परंपरेत कुत्र्याचे स्थान असे सरळ नाही, आणि तिथली ओढाताण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्मृतींनी कुत्र्याला अपवित्र मानले. त्याने शिवलेले अन्न टाकून द्यायला सांगितले. पण गृहस्थाच्या नित्याच्या पंचमहायज्ञांत जो भूतयज्ञ येतो, त्यात जेवण्यापूर्वी अन्नाचा एक वाटा कुत्र्यांसाठी, कावळ्यांसाठी आणि किड्यामुंग्यांसाठी जमिनीवर हळुवार ठेवण्याचा विधीही मनुस्मृतीनेच सांगितला. घरात घेऊ नका, पण उपाशीही ठेवू नका, असा हा तोडगा आहे. स्वयंपाकघर सोवळ्याचे राहिले आणि अंगण-ओसरी सर्व जिवांसाठी मोकळी राहिली. लोकदैवतांनी तर कुत्र्याला थेट देवाजवळ आणले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, भैरवाचे ते वाहन आहे, दत्तात्रेयाभोवतीच्या चार कुत्र्यांना चार वेद मानले जाते. दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडून दारातले पिल्लू पोत्यात भरणाऱ्याने आपण नेमके कशाला नमस्कार केला, हे स्वतःला विचारले पाहिजे.

महाभारताने या ओढाताणीचा निकाल कथेतून लावला आहे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून आलेल्या कुत्र्याची कथा सर्वांना माहीत असते. कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, असा शुद्धाशुद्धतेचा नियम इंद्र सांगतो. आश्रयाला आलेल्याला टाकणे हे महापाप आहे, असे म्हणून युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. आदिपर्वातली सरमेची कथा मात्र त्या मानाने फारशी सांगितली जात नाही. जनमेजयाचा यज्ञ चालू असताना देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, सरमा हिचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. रडत आलेल्या पिल्लाला आई आधी विचारते, की तुझ्याकडून काही आगळीक झाली असेल. ते सांगते, की हविर्भागाकडे पाहिलेही नाही, त्याला तोंडही लावले नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते, की निरपराधाला मारल्याबद्दल तुझ्यावर न दिसणारे भय येईल, आणि राजा त्याच्या निवारणासाठी पुरोहित शोधत फिरू लागतो.

या दोन कथांमध्ये महत्त्वाचा फरक आहे. युधिष्ठिराच्या कुत्र्याने साथ दिली होती, म्हणून त्याला काही देणे लागत होते. सरमेच्या पिल्लाने राजासाठी काहीच केले नव्हते. ते केवळ तिथे आले होते. तरीही त्याच्यावरचा अन्याय यज्ञ करणाऱ्या राजाला भोवला. दारात जन्मलेल्या पिल्लाचा हक्क याच दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याने निष्ठा दाखवलेली नाही, राखण केलेली नाही, त्याचे डोळेही उघडलेले नाहीत. त्याच्याजवळ असहायतेखेरीज काही नाही, आणि महाभारताला तेवढे पुरेसे वाटले.

मावळात या विचाराचे आणखी एक जुने पान दगडात कोरलेले आहे. बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासाचा नियम विनयपिटकात ज्या निमित्ताने आला, ते निमित्त लहान जिवांचेच होते. पावसाळ्यातही हिंडणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. पक्षीसुद्धा पावसात घरटे धरून बसतात, असेही ते म्हणाले. तेव्हा भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एका जागी राहावे असे ठरले. कार्ले, भाजे, बेडसे इथल्या लेण्यांमधील विहारांत हा वर्षावास होत असे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरकच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिल्याचा लेख तिथल्या चैत्यगृहात आहे. दान कोणत्या पंथाच्या माणसाला मिळावे, असा भेद त्यात ठेवलेला नाही. तो तिथे वर्षावास करणारा असावा, एवढीच अट. हे दान माणसांसाठी होते हे खरे, पण ज्या वर्षावासासाठी ते दिले, त्याच्या मुळाशी पायाखाली येणाऱ्या जिवांची काळजी होती.

करुणा उपयोगी पडायची असेल तर तिला ज्ञान लागते. नवजात पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे अंगातली ऊब स्वतः टिकवता येत नाही. भुकेच्या आधी त्याला गारठा मारतो. थंड पडलेल्या पिल्लाला घाईने दूध पाजले तर ते पचत नाही, आणि फुप्फुसात गेले तर पिल्लू दगावते. म्हणून आधी ऊब, मग दूध. लोणावळ्याच्या हवेत जमिनीची ओल वर चढते. यासाठी फळ्या चार बोटे उचलून ठेवाव्यात, त्यावर गोणपाट आणि भाताचा कोरडा पेंढा पसरावा, आणि तो भिजला की लगेच बदलावा. मावळात पेंढा कुठेही मिळतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा आडोशाचे तोंड पूर्वेकडे हवे, आणि आईला ओलांडता येईल पण पिल्लांना येणार नाही, एवढा उंबरा पुढे असावा.

पिल्लांना जगवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या आईला पोटभर खायला घालणे. दूध पाजणाऱ्या कुत्रीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. वरणभात, अंडे आणि सतत भरलेले पाण्याचे भांडे, एवढ्यावर अख्खे वेत जगते. गाईचे दूध पिल्लांना मानवत नाही, त्याने हगवण लागते. पर्यटक प्रेमाने पुढे करतात तो चॉकलेट फज तर कुत्र्यांना विषारी आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, हा समज चुकीचा आहे. मात्र फोटोसाठी गर्दी झाली, तर ती घाबरून पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे, कदाचित ओल्या जागी नेते. डोळे १०व्या ते १४व्या दिवसाच्या सुमारास उघडतात, चौथ्या आठवड्यात मऊ भात चाटता येतो. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून आणि लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, ही कामे पशुवैद्याला विचारून करावीत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे हे ते शिकत असते, आणि लवकर तोडलेले पिल्लू पुढे चावरे निघण्याचा धोका वाढतो.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप महात्मा गांधींचा आहे. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातली सुमारे ६० कुत्री मारवली, तेव्हा उठलेल्या वादात गांधींनी लिहिले, की बेवारस कुत्र्यापुढे तुकडा टाकणे ही दया नव्हे. पाळायचे तर नीट पाळा. हिंडणारी कुत्री समाजाच्या दयेची खूण नसून त्याच्या आळसाची आहे. रविवारी बिस्किटे टाकून सोमवारी फाटक लावणाऱ्यांना हा आक्षेप अचूक लागू पडतो. रेबीज लहान पिल्लालाही होतो, त्याचा दात लागला तरी जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन लस घ्यावी लागते, आणि ही भीती वस्तीतल्या मुलांना असते, बंगल्याच्या मालकाला नसते. म्हणून आश्रय देणे वेत वाढवण्यापुरते थांबत नाही. पिल्लांनी दूध सोडले की आईची नसबंदी आणि रेबीजची लस हा त्याच कर्तव्याचा शेवटचा भाग आहे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री तिच्या मूळ जागीच परत सोडायची असते.

तेव्हा घाटमाथ्यावर ज्यांची घरे आहेत त्यांनी एवढे करावे: पोर्चचा एक कोरडा कोपरा मोकळा ठेवावा, माळ्याला पोत्याऐवजी पेंढा आणायला सांगावे, आठवडाभराच्या तांदूळ-डाळीचे पैसे त्याच्या हातात द्यावेत, आणि पिल्ले दोन महिन्यांची झाली की त्यांच्या आईला नसबंदीसाठी नेण्याची व्यवस्था करूनच मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा.