मोबदला आणि वाटा

जागतिकीकरण हा शब्द आपल्या कानांवर पडू लागल्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. २४ जुलै १९९१ रोजी तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने देशाच्या अर्थव्यवहाराची दारे उघडली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्य भारतीयासाठी इंटरनेट खुले झाले. तेव्हापासून या विषयात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष वाढत्या समृद्धीचे आकडे पुढे करतो, दुसरा उखडल्या गेलेल्या माणसांची यादी वाचतो. दोघांच्याही हाती सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. जागतिकीकरण चांगले की वाईट, हा प्रश्नच माझ्या मते पुरेसा नेमका नाही. नीतिविचाराला ज्याच्याशी झटता येईल असा प्रश्न निराळा आहे. एखाद्या माणसाजवळची वस्तू जेव्हा साऱ्या जगाच्या उपयोगी पडू लागते, तेव्हा जगाने त्याला काय द्यावे? मोबदला की वाटा?

हा प्रश्न पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ठाणे खाडीच्या काठी वसलेले घणसोली गाव पुरेसे आहे. आगरी-कोळी वस्तीचे हे जुने गाव. भाताची खाचरे, खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर येथल्या पिढ्या जगल्या. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या आगरावरून आले असे मानतात. दूरच्या सत्तेशी आणि दूरच्या बाजाराशी या भागाची गाठ काही १९९१ साली प्रथम पडली नाही. मीठ पिकवणारा दाराशीच होता, पण त्यावरील कर आणि मक्तेदारी परक्या सरकारची होती. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहात घणसोलीकर उतरले, आणि आजही या गावाची ओळख स्वातंत्र्यसैनिकांचे गाव अशी सांगितली जाते. आपल्या अंगणात निपजणाऱ्या वस्तूवर आपला हक्क कोणता, हा प्रश्न या गावाने तेव्हाच विचारला होता.

पुढे स्वराज्य आले आणि तोच प्रश्न वेगळ्या वेशात परतला. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक पट्टा उभा राहू लागला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवी मुंबई वसवण्याचे काम सुरू झाले. शेतजमिनी संपादित झाल्या, शेतकऱ्याला भूसंपादन कायद्यानुसार किंमत मिळाली आणि कागदोपत्री व्यवहार पूर्ण झाला. परंतु ज्या जमिनीची किंमत भाताच्या उत्पन्नावरून ठरली, तिच्यावर काही वर्षांतच शहर उभे राहिले आणि तिचे मोल अनेक पटींनी वाढले. त्या वाढीत मूळ मालक कोठेच नव्हता. या अन्यायाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी बळी पडले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. १९९० साली तिचा शासननिर्णय झाला आणि १९९४ साली तो सुधारण्यात आला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला द्यावा, असे तिचे सूत्र. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि पावणेनऊ टक्के हाती येतात.

आकडा लहान वाटेल. तथापि त्यामागचे तत्त्व मोठे आहे. किंमत दिली की देणारा आणि घेणारा एकमेकांपासून मोकळे होतात. वाटा दिला की संबंध सुरू राहतो. उद्या शहर भरभराटीला आले तर ज्याच्या जमिनीवर ते उभे आहे त्याचीही भरभराट व्हावी, हे वाटा मान्य करतो. माणूस हा प्रकल्पाच्या वाटेतील अडथळा नसून प्रकल्पाचा भागीदार आहे, ही कबुली त्यात आहे. पुढे विमानतळासाठी जमिनी घेताना हाच वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. याच विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून २०२१ साली हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, त्याचे मर्म येथे आहे. ज्याने मोबदल्याच्या भाषेला वाट्याच्या भाषेकडे वळवले, त्याची आठवण त्यांना जपायची होती.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा येथे आठवते. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला तो प्रारंभी लुबाडणुकीच्या भाषेत नव्हे. बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देण्याची त्याची तयारी होती. बाजाराच्या हिशेबाने हा व्यवहार निर्दोष होता. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा वाडवडिलांकडून आलेला आणि मुलाबाळांसाठी सांभाळायचा होता. एका पिढीला दिलेल्या पैशाने पुढल्या पिढ्यांचा हक्क फेडता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. अर्थात घणसोलीची गोष्ट तंतोतंत नाबोथाची नव्हे. अहाबाला राजवाड्याशेजारी भाजीचा मळा हवा होता. शासनाला दाटीने गुदमरलेल्या मुंबईतील लाखो लोकांसाठी शहर हवे होते. सार्वजनिक हितासाठी कोणाला तरी जमीन सोडावी लागते, हे नाकारता येणार नाही. पण त्यातूनच एक कर्तव्य निर्माण होते. ज्याला नकार देण्याची मुभा आपण ठेवलेली नाही, त्याला केवळ किंमत देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. जेथे नकाराचा अधिकार संपतो, तेथे वाट्याचा अधिकार सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, “वाटा दिला होता ना? तो त्यांनी विकून टाकला!” हा आक्षेप खोटा नाही. अनेक भूखंड बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेले आणि वाट्याचा पुन्हा मोबदला झाला. परंतु विकणाऱ्याला उधळ्या ठरवण्यापूर्वी त्याची स्थिती पाहिली पाहिजे. भूखंड हाती येण्यास लागलेली वर्षे, वारसदारांचे तंटे, आजारपण, लेकीचे लग्न आणि इमारत बांधण्यास लागणाऱ्या भांडवलाचा अभाव यांपुढे भातशेती जाणणारा माणूस किती काळ टिकेल? वाटा नुसता देऊन भागत नाही. तो धरून ठेवण्याचे बळही द्यावे लागते. त्या बळाचे आजचे नाव शिक्षण आणि कौशल्य असे आहे. योगायोग असा की आपल्याकडे आर्थिक दारे उघडली त्याच वर्षी, म्हणजे १ मे १९९१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘सेंतेसिमस आनुस’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. एकेकाळी जमीन हे संपत्तीचे मुख्य साधन होते, नंतर भांडवल झाले आणि आता माणसाचे ज्ञान हेच ते साधन होत आहे, असा विचार त्यात मांडलेला आहे. ज्यांना ज्ञानापर्यंत पोहोचण्याची वाट नाही ते बाजाराच्या कडेलाच राहतात, याकडेही त्यात लक्ष वेधले आहे. घणसोलीच्या वेशीवर आज मोठमोठी संगणकीय संकुले उभी आहेत. गावातील मुले त्या फाटकातून अभियंता म्हणून आत जातात की पहारेकरी म्हणून त्याच फाटकापाशी उभी राहतात, यावरून वाट्याचा खरा हिशेब कळेल.

आणखी एक उणीव आहे. वाटा ठरला तो मुख्यतः जमिनीच्या नोंदीवरून. खाडीला सातबारा नसतो. ज्याचे शेत पाण्यात होते, ज्याचे पीक कोलंबी आणि चिंबोरी होते, त्या कोळ्याची मोजणी कोणत्या दप्तरात करायची? त्याने जे गमावले ते कोणाच्या मालकीचे नव्हते, एवढ्यावरून ते गमावलेच नाही असे ठरते काय? ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणी मच्छीमार न्यायालयात गेले. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण आखण्यास राज्य शासनाला सांगितले. जमिनीच्या किमतीवरून गोळीबार झाला त्यानंतर ३७ वर्षांनी पाण्यावर जगणाऱ्याचे नुकसान धोरणाचा विषय झाले.

दळणवळणाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. २००४ साली ठाण्याहून घणसोलीमार्गे लोकलगाडी धावू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. तिचा कारभार याच घणसोलीतील संकुलातून चालतो. त्यानंतर स्वस्त इंटरनेट देशभर खेडोपाडी पोहोचले. आखातातील लेकाचा चेहरा आईला रोज दिसू लागला, हे वरदानच आहे. परंतु आपण काय पाहतो, काय विकत घेतो, कोठे जातो याची माहिती जगातील अनेक कंपन्यांचा कच्चा माल झाली आहे. तिच्या बदल्यात सोय मिळते. त्या मालापासून निर्माण होणाऱ्या संपत्तीत आपण कोठे नसतो. ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवण्याखेरीज पर्याय नसतो, कारण बँक, शाळा आणि शासकीय कामे आता त्याच पडद्यावर आली आहेत. नकाराची मुभा येथेही संपत चालली आहे. मग वाट्याचा हक्क येथेही मागितला पाहिजे, आणि या क्षेत्रात वाटा म्हणजे नियम ठरवण्यातील आवाज. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, ही त्या दिशेची पहिली पायरी म्हणता येईल.

संस्कृतीचे मात्र निराळे आहे. तिची किंमत करताच येत नाही, पण वाटा कितीही दिला तरी ती घटत नाही. मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आपल्या किनाऱ्यावर आले. ‘पगार’, ‘पाव’, ‘चावी’ हे शब्द त्यांच्याच भाषेतून आले, आणि आज त्यांना परके कोण म्हणेल? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, येथली भाषा शिकले आणि १६१६ साली मराठीतील त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. ते परदेशातूनच आले होते, परंतु या भूमीच्या भाषेत त्यांनी स्वतःचा वाटा घातला. आज घणसोलीतील नव्या इमारतींत आगरी हळदीच्या गाण्यांवर मुले नाचतात. ती गाणी ज्या बोलीतली आहेत ती बोलणाऱ्या म्हाताऱ्याशी मात्र त्यांचे दोन शब्दही होत नाहीत. गाणे घेतले, माणूस राहून गेला.

हे लिहीत असताना आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे माझ्या डोळ्यांपुढे आहेत. वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकाणांहून येऊन आपण या शहरात स्थिरावलो. आपली घरे कोणाच्या तरी भाताच्या खाचरावर उभी आहेत. दुसरीकडे केवळ मोबदल्यावर जगणे काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्यातील कित्येकांनी आखाती देशांत उमेदीची वर्षे घालवली. पगार वेळेवर मिळाला. परंतु तीस वर्षे राबूनही तो देश त्यांचा झाला नाही आणि नोकरी संपताच परत यावे लागले. ती पोकळी ज्याने अनुभवली, त्याला गावकऱ्याचे दुःख समजावून सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. गावठाणाबाहेर ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांना आपण सहज ‘अनधिकृत’ म्हणतो. कुटुंबे वाढली तेव्हा गावठाण का वाढले नाही, हेही विचारावे. आपल्या शाळांत प्रवेश देताना, आपल्या संस्थांत नोकरी देताना गावातील मुलांचा विचार कृपा म्हणून न करता हक्क म्हणून करावा. घरकामाला येणाऱ्या बाईला पगार देतोच. तिच्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली तर तो वाट्याचा आरंभ ठरेल. जगाचे व्यवहार बदलणे आपल्या हाती नसेल, पण ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो त्यांच्याशी असलेला हिशेब पुन्हा उघडणे निश्चितच आपल्या हाती आहे. तो पैसे मोजून मिटला, असे समजू नये.