एकट्याची सायकल आणि तपाची कसोटी

मनाली-लेह रस्त्यावर पांग सोडले की काही किलोमीटर अंगावर येणारा चढ लागतो आणि तो संपताच एकदम सपाटी. हे मोरे पठार. सुमारे ४,७०० मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटर पसरलेल्या या मैदानात झाड नाही, गाव नाही, सावली तर नाहीच. लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतो. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पठाराच्या पलीकडच्या टोकाला डेब्रिंग, तिथून सुमारे ५,३०० मीटरवरची तांगलांग ला ही खिंड, आणि खिंड उतरल्यावर रुमत्से हे पहिले गाव. पांग ते रुमत्से अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. उंचीला चांगला सरावलेला सायकलस्वार ते एका दिवसात तोडू शकतो. सामान लादलेली सायकल घेऊन हा टप्पा एकट्याने पार करणाऱ्याच्या तोंडी पुढे ‘तपश्चर्या’, ‘साधना’ हे शब्द सहज येतात. ते इथे लागू पडतात का, हा प्रश्न वरवरचा नाही. तप कशाला म्हणावे आणि एकांत कशाला, याची कसोटी भारतीय परंपरांनी बरीच काटेकोरपणे ठरवून ठेवली आहे.

या टप्प्यावर पहाटे निघणे शहाणपणाचे. दुपारी वारा सुटतो, आणि तो समोरचा असला तर सपाटीवरही सायकल चालत्या माणसाच्या वेगाने जाते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे किरकोळ चढालाही धाप लागते. समोरची टेकडी तासभर पेडल मारूनही तेवढीच लांब दिसते. हळूहळू डोक्यातली विचारांची वर्दळ ओसरते. श्वास आणि पेडल यांची लय तेवढी उरते. याला ध्यान म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण ध्यानात सजगता वाढायला हवी, आणि प्राणवायू कमी पडल्याने आलेली शांतता हा बऱ्याचदा निव्वळ मंदपणा असतो. दोन्ही अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात; अडचण अशी की काही काळ आतूनही त्या सारख्याच वाटतात.

कष्ट सोसले म्हणजे तप झाले, ही समजूत लोकांत खोलवर रुजलेली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात मात्र शारीर तपाची जी यादी येते तिच्यात पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा आहेत. शरीरकष्टांचा उल्लेखच नाही. उलट दंभाने आणि अहंकाराने देह कष्टवणाऱ्यांना तिथे आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि मानसन्मानासाठी केलेले तप राजस ठरवले आहे. खिंडीतल्या पाटीखाली सायकल उभी करून काढलेला फोटो कोणत्या खान्यात बसतो, हे वेगळे सांगायला नको. जैन परंपरा कायक्लेशाला तप मानते, आणि विविक्तशय्यासन म्हणजे एकांतवासालाही. तरीही तत्त्वार्थसूत्रात या दोहोंची जागा बाह्य तपांमध्ये आहे. आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान यांच्याबरोबर वैयावृत्त्य येते, म्हणजे साधूंची सेवाशुश्रूषा. एकट्याने सोसणे बाहेरचे आणि दुसऱ्याची सेवा आतली, ही मांडणी आजच्या साहसाच्या कल्पनेला चांगलाच धक्का देणारी आहे.

सर्वांत उपयोगी कसोटी योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सापडते. भूक-तहान, थंडी-ऊन ही द्वंद्वे सहन करणे म्हणजे तप, असे भाष्यकार सांगतात, पण चित्ताच्या प्रसन्नतेला बाधा येणार नाही एवढेच ते करावे, अशी मर्यादाही घालतात. मोरे पठारावर ही मर्यादा शब्दशः जीवनमरणाची होते. उंचीचा आजार डोकेदुखी आणि मळमळीपासून सुरू होतो. तो मेंदूपर्यंत गेला की तोल जातो, बोलणे असंबद्ध होते आणि निर्णयशक्ती ढासळते. म्हणजे खाली उतरायची वेळ झाली का, हे ज्या बुद्धीने ठरवायचे तीच आधी बिघडते. सोबती असला तर त्याला माणूस भेलकांडताना दिसतो. एकट्याच्या बाबतीत साक्षी आणि रोगी एकच. मनावर नजर ठेवणारा साक्षी शरीरापासून कितपत अलिप्त असतो, या जुन्या वादात ही उंची सरळ देहाच्या बाजूने साक्ष देते. त्यामुळे एकट्या प्रवाशाने झोपण्याची उंची रोज बेताने वाढवणे आणि डोके दुखू लागल्यास वर न जाणे हे नियम आधीच ठरवून घ्यावे लागतात. व्रतातही संकल्प आधी करतात तो काहीसा याच कारणाने.

आता एकांताचे. बौद्धांच्या सुत्तनिपातातल्या खग्गविसाण सुत्तात गेंड्याच्या शिंगासारखे एकट्याने फिरण्याचा उपदेश आहे, पण सुज्ञ सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर जावे, अशी सूटही त्याच सुत्तात आहे. विनयाच्या, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या, नियमांनुसार भिक्षूला अन्न साठवता येत नाही. ते दुसऱ्याने हाती द्यावे लागते. अरण्यातल्या भिक्षूलाही त्यामुळे भिक्षेपुरते गाव जवळ लागते. गुहेत राहून बिच्छू-बुटीच्या पाल्यावर दिवस काढणाऱ्या तिबेटी योगी मिलारेपाच्या चरित्रातही अन्न घेऊन येणारी बहीण पेता आहेच. पठारावरच्या सायकलस्वाराचा एकांतही असाच उसना असतो. पांगच्या तंबूतला मॅगी-चहा, एखाद्या ट्रकवाल्याने थांबून दिलेले पाणी, चांगपा मेंढपाळांच्या तंबूतला आसरा हे सगळे त्यात धरावे लागते. मुळात पायाखालचा रस्ता तरी कोणी केला? सीमा रस्ते संघटनेचे मजूर, त्यातले पुष्कळसे झारखंड-बिहारकडचे, याच विरळ हवेत उन्हाळाभर खडी फोडतात आणि डांबर ओततात. द्वंद्वे तेही सोसतात, सायकलवाल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस, आणि त्यांच्या कष्टांना तप कोणी म्हणत नाही. फरक संकल्पाचा आहे हे उत्तर शास्त्राला धरून आहे, पण पुरेसे नाही. संकल्प करायला मोकळीक लागते, आणि ती या पठारावर सर्वांना सारखी वाटलेली नाही.

एकट्याचे श्रेय एकट्याचे नसते, हे तांगलांग लाच्या माथ्यावर वेगळ्या रीतीने दिसते. लडाखी माणूस खिंडीत पोहोचला की देवांचा जय झाला अशा अर्थाची आरोळी देतो. तिथल्या दगडांच्या राशी आणि पताका स्थानिक देवांसाठी असतात. चढून आलेल्याचा पराक्रम त्यात कुठे येत नाही. याच रस्त्यावर मागे गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर तहानेने तडफडून मेलेल्या एका ट्रक-क्लीनरची कथा सांगतात, आणि त्याच्या नावाच्या छोट्या देवळीपाशी वाटसरू पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी या वाळवंटात एकट्याच्या वाट्याला काय येऊ शकते हे तिथल्या लोकांनी नेमके ओळखले आहे, आणि त्यावर पाणी देणे हाच विधी ठरवला आहे.

खिंडीपासून रुमत्सेपर्यंत उतार आहे. गाव जवळ आले की जवाची शेते, छोर्तेन म्हणजे स्तूप आणि कोरीव दगडांच्या मणी भिंती दिसू लागतात. मणी भिंत उजव्या हाताला ठेवून जायची, ही इथली रीत. ती दर वेळी जमतेच असे नाही, आणि चुकली तर कोणी अडवत नाही. बौद्ध विचारात चेतना म्हणजे हेतू हेच कर्म मानले असल्याने, रीत ठाऊक नसलेल्याच्या चुकीला तिथे फारसे वजन नाही. ती ठाऊक असून दोन मिनिटांचा वळसा टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी.