ऋण, वचन आणि राजनियम

सत्य बोलावे, परद्रव्याचा अभिलाष धरू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या घरी आषाढ-श्रावणात चूल पेटत नाही, त्याच्या ठिकाणी हा विधिनिषेध कसा लागू करावा, याचा विचार पोट भरलेल्या मनुष्याने सावधपणे केला पाहिजे.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेकडे जाताना थांबले व जव्हारच्या राजाने शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. राजांनी राखलेला मान त्या माळाच्या नावात टिकला. त्याच डोंगरपट्ट्यातील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांनी राखलेल्या शब्दाचे स्मारक मात्र कोठे नाही.

जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणून एक प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज घ्यावे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या शेतावर राबावे. वही सावकाराची, अंगठा गड्याचा. त्यामुळे ऋण फिटतच नसे. १९४५ साली उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा ऋणाची फेड करण्याचे दायित्वच संपविले.

शंका : घेतलेले द्रव्य परत न करणे हा वचनभंगच नव्हे काय? राजनियमाने माफी दिली म्हणून दोष कसा जाईल?

समाधान : वचन बंधनकारक होते ते उभयतांस त्याची मर्यादा ठाऊक असेल तर. ज्यास आपले देणे किती उरले हे कधी कळूच दिले नाही, त्याने मुद्दल श्रमरूपाने केव्हाच फेडलेले असते. येथे दोष ऋणकोचा नव्हे, त्याच्या सत्यनिष्ठेचीच ज्याने बेडी घडविली त्याचा होय. वहीत त्यास व्यवहार म्हटले असले, तरी ती चोरीच. कायद्याने वचन मोडले नाही. वचनाच्या नावाखाली चाललेले हरण थांबविले.

शंका : मग संकटग्रस्ताने असत्य बोलल्यास दोष नाही, असे ठरते काय?

समाधान : नाही. दोष हलका होतो, नाहीसा होत नाही. भय हे असत्याचे कारण असते, समर्थन नव्हे. ज्यांना कायदा म्हणजे जंगल-रक्षकाचा धाक एवढेच ठाऊक होते, त्यांनी त्याच्यापुढे खरे लपविले, तर त्यांस दूषण देण्याची घाई करू नये. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्यावरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि २००८ च्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुराव्यांत धरले. जो शब्द सावकाराच्या वहीपुढे कवडीमोल होता, तो आता प्रमाण झाला. अशा वेळी नात्याच्या मोहाने कोणी शेजाऱ्याचे शेत भावाचे म्हणून सांगेल, तर तो सरकारास नव्हे, आपल्यासारख्याच दुर्बळास नागवितो. आणि उद्याच्या खऱ्या साक्षीचेही मोल घालवितो.

आजही या भागातील कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. म्हणून हा विचार जितका गरिबास, त्याहून अधिक त्यास काम देणाऱ्यास लागू आहे. ज्या वासनिकाकडे मजूर असतील, त्याने हिशेब मजुराच्या देखत लिहावा, त्यास वाचून दाखवावा आणि ऋण फिटले त्या दिवशी ते फिटले असे स्वमुखाने सांगावे. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा त्यानंतरच घ्यावी.